भोईण पाण्यात थुंकत नाही

जमुना भोईण पूर्णेच्या पाण्यात कधी थुंकली नाही. वडघाटावर तिनं वीस-बावीस वर्षं डोंगा चालवला. त्यात थुंकण्याजोगी माणसं कमी नेली असं नाही, पण तोंडात आलेलं दर खेपेला तिनं काठ येईपर्यंत धरून ठेवलं. भोयांचा तो नेमच होता. शिवाय वडघाट पडलं खारपाणपट्ट्यात. विहिरीत पोहरा सोडला तर वर मिठवणी यायचं, म्हणून सगळं गाव नदीचं पाणी प्यायचं. ज्या पाण्यावर आपलं पोट आणि दुसऱ्याची तहान भागते त्यात थुंकणाऱ्याला ती माणसात धरत नसे.

बाई उंच, काळी, हाडापेरानं मोठी आणि तोंडानं फटकळ. लग्न होऊन आली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि डोंग्यात बसायला भीत होती, हे पुढं कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. नवरा गोवर्धन हा घाटाचा भोई. एका वर्षी उतारावरून कापसाची गाडी सुटली आणि त्याच्या गुडघ्यावरून गेली. तेव्हापासून तो झोपडीच्या दारात बसून जाळी विणू लागला आणि डोंगा रेटायचा बांबू जमुनेनं उचलला. पहिल्या दिवशी काठावर पाच-सहा बाप्ये खोळंबून राहिले. बाईच्या हाती डोंगा, बसावं कसं, म्हणून कुजबुजले. ती म्हणाली, "मंग पोहून जा." त्यांना पोहता येत नव्हतं. बसले.

मग कापसाची ती वर्षं आली. साता समुद्रांपलीकडं गोऱ्यांची आपापसांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. चांगलं झालं म्हणणारे म्हणोत. जमुनेनं डोंग्यातून जे पाहिलं त्याचा तिला वीट आला. काल-परवापर्यंत 'जमुनाबाई, जरा सांभाळून' म्हणणारी माणसं 'ए भोईण, हाण लवकर' म्हणू लागली. जेवताना निम्मं पान टाकून उठणं ही मोठेपणाची खूण झाली, आणि घाटावरची कुत्री जिलेबीला तोंड लावीनाशी झाली. अमरावतीच्या एका दलालानं तर बैलांच्या अंगाला अत्तर चोळलं. जोडीतले बैल एकमेकांना चाटायचे थांबले. ही गोष्ट लोक हसत सांगायचे. जमुना तेवढ्यात डोंगा सोडायची.

तो दलाल म्हणजे वामनराव. कापूस विकत घेणाऱ्या गोऱ्या साहेबांना शेतकऱ्यांशी गाठ घालून द्यायची आणि दोघांच्या मधे आपण फुगायचं, हा त्याचा धंदा. वडघाटाच्या वरच्या अंगाला, जिथं नदीचा डोह आहे, तिथं त्यानं बाग आणि बंगला केला. बाग झाली, बंगला झाला, मग साहेबांची करमणूक कशानं करायची? म्हणून त्यानं मुंबईहून दोन रंगीत नावा मागवल्या. खानदेशापर्यंत आगगाडीनं आणि तिथून आठ-आठ बैलांच्या गाड्यांवर त्या आल्या, तेव्हा वाटेतल्या गावांनी त्यांना हळद-कुंकू वाहिलं. एकीच्या टोकाला पितळेचा पत्रा मढवला होता. आरशासारखा चमकायचा.

जमुनेला नावांचं काही नवल नव्हतं. तिला नवल वाटलं ते त्या चालवायच्या तऱ्हेचं. चार माणसं वल्ही मारायला बसायची, ती जिकडं जायचं तिकडं पाठ करून. तोंडं मागं. पुढं पाहणारा एकच, शेपटाकडं बसलेला. त्याच्या हातात दोन दोऱ्या असत. डावी ओढली की नाव डावीकडं, उजवी ओढली की उजवीकडं. ती मानाची जागा, म्हणून तिथं वामनराव स्वतः बसत. लाल पागोटं, तोंडात विडा.

तिनं पहिल्याच आठवड्यात डोंगा जवळ नेऊन त्यांना सांगितलं, "मालक, तुमच्या नावंत पुढं पाहनारा एकच हाये. त्यानं तरी पुढं पाह्यलं पाह्यजे. इथून माणसं जातात."

वामनराव हसले आणि त्यांनी विड्याची पिंक तिच्यादेखत नदीत टाकली. लाल थुंकी पाण्यावरून डोंग्याजवळून वाहत गेली. जमुनेनं डोंगा काठाला लावला. ती तशीच गावात गेली आणि पोलीस पाटील खुशालराव याला म्हणाली, "घाटाच्या वाटंतून त्या नावा बंद करा." पाटील म्हणाला, "ते मोठे लोक, जमुने. आपुन कसं सांगावं?" त्याच आठवड्यात पाटलाच्या घरी वामनरावांच्या बागेतल्या केळीचा घड पोचला होता. पाटलीण तो सगळ्यांना दाखवत होती.

आता पुढचं सांगायच्या आधी भोयांची एक रीत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलं.

घाटावर कुणी बुडून मेलं, मग ते पूर येऊन मेलेलं असो, दारू पिऊन उडी मारलेलं असो, की कुणी ढकललेलं असो, त्या घाटाच्या भोयानं प्रेत जाळण्याआधी कंबरभर पाण्यात उभं राहायचं आणि मेलेल्याच्या घरच्यांसमोर मोठ्यानं म्हणायचं: "माह्या पान्यात गेला. म्या नेला. त्याचा दोष माह्या माथ्यावर, त्याची वाट मोकळी." मग ओंजळीत नदीचं पाणी घेऊन पुढं करायचं. घरच्यांनी ते प्यायचं. प्यायले की मेलेल्याला भटकावं लागत नाही आणि जिवंतांच्या मनात नदीविषयी राग राहत नाही. दहा दिवस भोई स्वतःच्या घरी सुतक पाळतो. जमुनेच्या सासऱ्यानं आपल्या हयातीत हे तीनदा केलं होतं. त्यातला एक तर बायकोशी भांडून स्वतःच उडी मारलेला माळी होता. त्या शब्दांचा अर्थ 'मी मारलं' असा नाही, हे त्या काठावरचं शेंबडं पोरही जाणत होतं.

सन अठराशे चौसष्टचा मार्गशीर्ष होता. कापसाची वेचणी जोरात होती. दुपार कलली तशी पलीकडच्या शेतांतून वेचणीच्या बायका परतल्या. दहा बायका आणि जमुना. डोंग्याच्या कडेला शकुन बसली होती. शकुन म्हणजे गोदाबाईची एकुलती एक लेक. नवरा पटकीनं गेला तेव्हापासून ती मायजवळ राहायची. वेचणीत बोंडाच्या काट्यांनी बोटं ओरबाडतात, आग होते. म्हणून डोंग्यात बसलं की शकुन दोन्ही हात कडेवरून पाण्यात सोडून ठेवायची आणि डोळे मिटायची. रोजचंच होतं. जमुना रोजच म्हणायची, "हात आत घे, सुसर चावंल." शकुन म्हणायची, "मावशे, सुसरीले माहीत हाये हे बोटं गोड नाईत."

त्या दिवशी बंगल्यावर गोरे पाहुणे होते आणि दोन नावांची शर्यत लागली होती. ती पाहायला घाटावर चाळीसेक माणसं जमली होती. बागेपासून घाटापर्यंत आणि परत. डोंगा मधोमध आला आणि वरच्या वळणावरून पितळी टोकाची नाव सुटून आली. जमुनेनं पाहिलं, चार पाठी आणि त्यांच्या पलीकडं लाल पागोटं. पण पागोट्याखाली तोंड नव्हतं. वामनराव मान वळवून मागं पाहत होते. दुसरी नाव किती मागं पडली ते बघत हसत होते.

पाच माणसांच्या त्या नावेत पुढं पाहणारं आता एकही नव्हतं.

जमुना ओरडली. बायका ओरडल्या. भरलेला डोंगा म्हणजे काही घोडं नव्हे, लगाम ओढला की वळायला. तिनं बांबू आडवा धरला, तो मोडला. पितळी टोक डोंग्याच्या कडेवर आदळलं, नेमकं शकुनच्या बाजूला. डोंगा कलंडला, सहा जणी पाण्यात गेल्या. जमुनेनं दोघींना झिंज्या धरून ओढलं. वल्हेकऱ्यांतल्या दाऊदनं वल्हं टाकून उडी मारली आणि तिघींना काठाला लावलं. शकुन टोकाचा मार डोक्याला लागून आधीच खाली गेली होती. तिचे हात पाण्यात होते, कड धरायलाही तिला सवड मिळाली नाही.

नावेत वामनराव उभे राहिले होते. धोतर भिजलं होतं. त्यांनी वाकून टोकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "रंग गेला का बघ रे."

हे वाक्य जमुनेनं ऐकलं.  नाव वळली आणि बागेकडं निघून गेली. दाऊद तेवढा पाण्यातच राहिला आणि अंधार पडेपर्यंत बुड्या मारत राहिला.

शकुन दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणावर उंबराच्या मुळ्यांत सापडली. घाटावर आणली तेव्हा तीच चाळीसेक माणसं पुन्हा जमली होती. पाटील होता, पंचनामा लिहिणारा होता, आणि वडाखाली छत्री घेऊन वामनरावांचा कारभारी उभा होता. गोदाबाई लेकीच्या उशाशी बसली होती. रडत नव्हती. जमुनेकडं पाहत होती.

जमुनेचं तोंड गच्च मिटलेलं होतं. तिला वामनरावांचं नाव घ्यायचं होतं. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. ती गोवर्धनला म्हणाली, "मी काहून म्हनू? त्यानं म्हनावं. त्याले आना इथं, उभा करा पान्यात."

गोवर्धन काठीवर रेलून आला होता. तो म्हणाला, "तो कोन हाये या पान्याचा? पानी आपलं, शब्द आपला. त्याचं नाव कचेरीत घे. इथं म्हातारी वाट पाहून राहिली."

जमुना कंबरभर पाण्यात गेली. "माह्या पान्यात गेली. म्या नेली. तिचा दोष माह्या माथ्यावर, तिची वाट मोकळी." तिनं ओंजळ पुढं केली. गोदाबाई आली, वाकली आणि प्यायली. मग पहिल्यांदा ती रडली. वडाखालच्या कारभाऱ्यानं शेजारच्या माणसाला बाईचे शब्द दोनदा विचारून घेतले आणि कागदावर उतरवले.

अकोल्याच्या कचेरीतून बोलावणं आलं ते दोघांच्या नावानं, वामनराव आणि जमुना. नाव बेपर्वाईनं हाकून माणसाचा जीव घेतला, याला जबाबदार कोण, हे तिथल्या न्याय करणाऱ्या साहेबांना ठरवायचं होतं. नवा कायदा होता. लोक म्हणायचे, त्यात राव-रंक सारखेच. जमुनेला बरं वाटलं. तिला वाटलं, जे घडलं ते सांगायचं, चाळीस माणसांनी पाहिलेलं आहे, त्यात अवघड काय?

मग चाळीस माणसं एकेक करून अंग काढून घेऊ लागली. कुणाची नजर त्या दिवशी सूर्यानं दिपली होती, कुणाची पाठ होती, कुणी त्या दिवशी मूर्तिजापूरच्या बाजारात होता म्हणे. जमुनेनं स्वतः त्याला काठावर पाहिलं होतं. डोंग्यातून वाचलेल्या नऊ बायकांना तर कचेरीत बोलावलंच नाही. बायकांचं काय ऐकायचं, असं पाटलानं लिहून पाठवलं होतं. त्यातल्या दोघींचा जीव जमुनेनं वाचवला होता, त्यांच्या नवऱ्यांनी त्यांना माहेरी धाडून दिलं.

खुशालराव पाटील एका सकाळी झोपडीवर आला. खाली बसला, जाळ्याचं कौतुक केलं. मग म्हणाला, "जमुने, तू पान्यात उभी राहून म्हटलंच होतं नं? मंग तसंच म्हन. थोडक्यात सुटशील. मालक साहेबाशी बोलून घेतील."

"पाटील," जमुना म्हणाली, "जरा बाजूले सरा. थुंकाचं हाये मले."

पाटील सरकला. ती त्याच्या जोड्यापासून वीतभर अंतरावर थुंकली. गोवर्धन मान खाली घालून हसला. त्या सगळ्या महिन्यात तो तेवढाच हसला.

दाऊद मात्र आला. त्यानं वामनरावांची नोकरी त्याच दिवशी सोडली होती. तो आणि त्याची बायको बिस्मिल्लाबी घाटावरच्या एका पडक्या छपरात राहत होती. तो म्हणाला, "भाभी, फिकर नको करू. मी सांगनार. दोऱ्या मालकाच्या हातात होत्या आन् मान मागं होती. मी समोर बसून पाह्यलं." एवढा मोठा कापसानं फुगलेला मुलूख, आणि त्यात खरं बोलायला एक वल्हेकरी निघाला.

जमुना आणि गोदाबाई अकोल्याला बरोबर चालत गेल्या. वाटेत एकमेकींच्या भाकरी खाल्ल्या. कचेरीत वामनरावांना बसायला खुर्ची दिली होती. त्यांचा वकील अमरावतीहून आला होता. साहेब तरुण होते, मराठी शिकलेले होते, आणि प्रत्येक शब्द जपून ठेवल्यासारखा बोलत होते. त्यांच्या शेजारी शिरस्तेदार कागद वाचायला होता.

वकिलानं एकेक साक्षीदार उभा केला. प्रत्येकाला एकच प्रश्न. "ही बाई पाण्यात उभी राहून 'मी नेली, दोष माझ्या माथ्यावर' असं म्हणाली का?"

"म्हनाली."

एकानं पुढं बोलायचा प्रयत्न केला, "पन साहेब, ते तर भोयायची रीत…" शिरस्तेदार म्हणाला, "विचारलं तेवढंच सांग." तो मागं सरला. त्याच्यानंतरच्यांनी प्रयत्नही केला नाही. पाटलानं तर जमुनेचे शब्द न विचारता दोनदा म्हणून दाखवले.

दाऊद उभा राहिला. वकिलानं विचारलं, "वल्हं मारताना तुझं तोंड कुठं असतं?"

"मागं."

"म्हणजे पुढं डोंगा कुठून आला, कसा आला, ते तू पाहिलं नाहीस."

"नाही पाह्यलं."

"मग तू इथं कशाला आलास?"

"डोंगा नाही पाह्यला, साहेब. मालकाले पाह्यलं. ते माह्या समोरच बसले होते. त्याइची मान मागं होती, ते हासून राहिले होते."

 वामनरावांनी खिशातून रुमाल काढून ओठ पुसले. साहेबांनी ते सगळं स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मग त्यांनी जमुनेकडं पाहिलं आणि हळूहळू बोलले. या माणसाची साक्ष त्यांना खरी वाटत होती. पण तिची स्वतःची कबुली आड येत होती, इतक्या लोकांसमोर दिलेली. तिनं आता एवढंच सांगावं, की पाण्यात म्हटलेले ते शब्द खरे की खोटे. खोटे म्हणाली, तर ते तसं लिहितील, ती घरी जाईल आणि दुसऱ्या आरोपीचा विचार करता येईल.

सुटका हाताशी होती. एक शब्द. आणि त्याच शब्दानं वामनराव कायद्याच्या कचाट्यात सापडणार होते.

जमुनेनं मागं पाहिलं. गोदाबाई दाराशी भुईवर बसली होती. तिच्या लेकीचं या जगात आता उरलं होतं ते एवढंच, कुणीतरी पाण्यात उभं राहून 'म्या नेली' म्हटलं होतं आणि आईनं ते पाणी पिऊन घेतलं होतं. ते शब्द खोटे, तर ती ओंजळही खोटी. मग शकुनचं काय? ती गेली कुणाच्या पाण्यात? गोदाबाईनं काही खूण केली नाही. तिनं पदर तोंडावर ओढून घेतला.

"साहेब," जमुना म्हणाली, "ते खरं-खोटं नाई. ते भोयाचं देनं असते. मेलेल्याले देतात."

शिरस्तेदार म्हणाला, "खरं की खोटं, एवढंच सांग."

तिला त्या कचेरीची, त्या खुर्च्यांची, त्या दौतीची एकाएकी किळस आली. माणूस मेलं होतं, आणि यांना दोनच शब्द ठाऊक होते. तोंडात सगळं दाटून आलं. ते तिनं गिळलं.

"खरं," ती म्हणाली. "माह्या पान्यात गेली, म्या नेली. लिहा. आन् आता याले उभं करा. आता याची पाळी."

वामनराव उठले नाहीत. वकील उठला आणि म्हणाला, माझ्या अशिलाला काही सांगायचं नाही. काही न सांगायचा हक्क कायद्यानं त्यांना होता. जमुनेला तो हक्क आहे हे कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. त्यांना ते आवडलेलं दिसत नव्हतं, पण न आवडूनही त्यांनी लिहिलंच. जमुनेला चार महिने कैद. वामनराव निर्दोष.

अकोल्याच्या तुरुंगात तिनं चार महिने दळण दळलं. तिथलं पाणी खारट होतं. त्या चार महिन्यांत डोंगा दाऊदनं चालवला. गोवर्धन काठावर बसून त्याला ओरडून शिकवायचा, आणि दाऊद पुढं तोंड करून उभा राहायला शिकला. ती परत आली तेव्हा त्यानं बांबू तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "घे भाभी. पान्यात नाही थुंकलो."

तिकडं साता समुद्रांपलीकडची लढाई मिटली आणि इकडं कापूस मातीमोल झाला. जिलेबीवरची कुत्री पुन्हा उकिरड्यावर आली. बंगला ओस पडला. बागेत गावची गुरं चरू लागली, पितळी टोकाची नाव वाळवी लागून फाटली. गावानं वामनरावांच्या नावानं बोटं मोडायला सुरुवात केली, तीच माणसं, ज्यांची तेव्हा पाठ होती. पाटील तर सगळ्यांत पुढं. तो म्हणायचा, मी तेव्हाच सांगितलं होतं. जमुनेला वामनरावांइतकीच या लोकांची शिसारी यायची, आणि ती ते तोंडावर सांगायची. गावात तिला कुणी फार बोलावत नसे. ज्या बाईला पाहून आपण काय होतो ते आठवतं, तिला कोण बोलावणार?

आश्विनात एका दुपारी एक माणूस पायी घाटावर आला. डोक्याला साधा रुमाल, जोडे हातात. पलीकडं जायचं होतं आणि घाई होती. जमुनेनं ओळखलं. तिनं बसायची खूण केली. घाटाचा भोई कुणाला नाही म्हणत नाही, तोही नेमच. वामनराव डोंग्यात बसले. पलीकडच्या टोकाला एक म्हातारी पदर ओढून बसली होती, तिच्याकडं त्यांनी पाहिलं नाही. कचेरीतही कुठं पाहिलं होतं?

मधोमध आल्यावर जमुनेनं बांबू वर काढून डोंग्यात आडवा ठेवला. डोंगा थांबल्यासारखा झाला.

"काय झालं?" वामनराव म्हणाले.

"हेच ते जागा, मालक. शकुन गेली ते. इथं कचेरी नाई, वकील नाई, कागद नाई. शब्द तुमाले पाठच असतील, तुमच्या कारभाऱ्यानं लिहून नेले होते."

वामनरावांनी दोन्ही काठांकडं पाहिलं. मग पाण्याकडं. त्यांना पोहता येत नव्हतं. जमुना काही करणार नव्हती. तिनं बांबूलाही पुन्हा हात लावला नव्हता, पण हे त्यांना कळण्यासारखं नव्हतं. ते जे स्वतः करतील तेच दुसराही करील, असं त्यांना वाटत असावं. ते भराभर म्हणाले, "माझ्या पाण्यात गेली, मी नेली, तिचा दोष माझ्या माथ्यावर, तिची वाट मोकळी."

"पानी घ्या ओंजळीत."

त्यांनी घेतलं.  आणि ओंजळ तशीच धरून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "हे तू कुठं बोलणार नाहीस ना? ही म्हातारी कोण आहे? हिला ऐकू येतं का?"

म्हातारीनं पदर बाजूला केला. गोदाबाईला दोन्ही कानांनी चांगलं ऐकू येत होतं. तिनं त्या ओंजळीकडं पाहिलं, मग त्या तोंडाकडं पाहिलं, जरा वेळ लावून, आत्ता कुठं पाहायला मिळालं म्हणून. पाणी बोटांतून गळून संपत आलं होतं.

"जमुने, चालव डोंगा," ती म्हणाली. "मले तहान नाई. तुह्या हातचं पेलं, तेच पुरे."

जमुनेनं बांबू उचलला. काठ लागला तसे वामनराव जोडे हातात धरूनच उतरले आणि वर पाहत, झपझप उतार चढून गेले. पायांचा चिखल धुवायलाही ते थांबले नाहीत. जमुनेनं गोदाबाईला हात देऊन उतरवलं, डोंगा खुंटाला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. मग ती उतार चढून, जिथवर पुराचं पाणी कधी येत नाही तिथवर चालत गेली, आणि थुंकली.